ज्वालामुखीच्या काठची खोली

गजाननकाकांची साठी ज्वालामुखीच्या बेटावर साजरी करायची ठरली. ठरली म्हणजे काकांनीच ठरवली. साठ वर्षांत कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं, म्हणून ते स्वतःला शहाणे समजत. पाच खोल्या किनाऱ्यावर, होडीजवळ. सगळ्यांत महागडी खोली मात्र वर, ज्वालामुखीच्या तोंडाशी.

"ती वहिनींना," काका थाटात म्हणाले. "थोरल्या भावाची बायको. पहिला मान त्यांचा."

वहिनींच्या मुलीनं, ऊर्मीनं, समोरच्या नकाशावर त्या डोंगरावर बोट ठेवलं. गेल्याच आठवड्यात तिथली जमीन हादरली होती आणि डोंगरातून अजून धूर निघत होता, हे सकाळीच वाचलेलं तिनं बोलून दाखवलं. तिची आई मात्र म्हणाली, "भाऊजी म्हणतात तर राहीन."

"डोंगर झोपलाय गं," काका ऊर्मीकडे बघून हसले. "तुमची पिढीच भित्री."

"भीती तुमच्यासाठी वाटते, काका," ऊर्मी म्हणाली. "बाबा गेल्यापासून आईला तुम्ही शुभकार्यात पुढे येऊ देत नाही. तुमच्या पूर्वाच्या हळदीला तिला दाराबाहेर बसवलंत, अपशकुन नको म्हणून. आता तोच अपशकुन झोपलेल्या डोंगराच्या उशाशी ठेवताय? तो उठला, तर लाव्हा खाली तुमच्याच खोलीकडे येईल."

काकांनी नकाशावर डोंगरापासून किनाऱ्यापर्यंत बोट फिरवलं आणि कपाळ पुसलं.

"वहिनी खालीच राहतील," ते पुटपुटले. "होडीच्या अगदी जवळ."

"मग वर कोण?" काकूंनी विचारलं.

"वर कुणीच नको!" काका ओरडले.