दहावी फांदी

पहाटे साडेपाच वाजता गवतात कोल्ह्याचा वास आला, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

त्या तळ्याच्या राज्यात राहायला जागा पुष्कळ होती. निर्धास्त झोपायला मात्र दहाच फांद्या. पाण्याच्या मधोमध एक वठलेलं झाड होतं, तिथवर कोल्हा जात नसे. फांद्या कुणाला मिळणार, ते हंगामभरच्या शर्यतींवर ठरे. आधी पोहायचं, मग काठानं धावायचं, शेवटी उडून लव्हाळ्याचा उंच तुरा ओलांडायचा. ज्याची चोच आधी पलीकडे, त्याला बगळा जास्त खडे देई. उरलेल्यांनी काठच्या गवतात निजायचं.

त्या पहाटे वास निघून गेला. पण सावळी पाणकोंबडीनं चारही पिल्लं पोटाखाली ओढली आणि मनाशी पक्कं केलं, यंदा दहावी फांदी तरी आपली.

पोहणं तिला येत होतं. धावण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घोडं अडायचं ते उडण्यापाशी. म्हणून रोज पिल्लांना भरवलं की ती सरावाला निघे. पिल्लं ठेवायची कुणापाशी? तीही मागोमाग पाण्यात पडत, काठानं तुरुतुरु पळत, आणि पंख कसले, नुसते कोंब हलवत उड्या मारत.

अडई बदकीण हसायची. "अगं सावळे, शर्यतीला निघालीस की वरातीला?"

"वरातच समज. नवरदेव तेवढा यायचाय."

हंगाम सरत आला तेव्हा दोघींचे खडे सारखे झाले होते. शेवटच्या शर्यतीत जिची चोच पुढं, तिची दहावी फांदी.

सावळी जीव तोडून उडाली. तुरा समोर आला, अडई मागं राहिली. तेवढ्यात काठावरून धाकटं ओरडलं, "आई!"

तिथली रीतच होती, पिल्लाची हाक आली की आईनं मान वळवून ओ द्यायची. सावळीची मान वळली. चोच मागं फिरली. अडई पुढं गेली.

"चोचभर राहिलं गं पोरी," बगळेकाका म्हणाले. "मीही बघत होतो. पण नियम तो नियम."

"नियमाला मी कुठं नावं ठेवतेय?"

धाकटं रडवेलं झालं. "मला काही झालं नव्हतं गं. तू पुढं होतीस ना, म्हणून ओरडलो."

सावळीनं त्याला पंखाखाली घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती पुन्हा पाण्यात.

"शर्यती तर संपल्या," पिल्लं कुरकुरली.

"त्यांच्या संपल्या. चला. आणि आजपासून एक ध्यानात ठेवा. तुरा ओलांडेस्तोवर हाक नाही आणि ओ नाही. ओलांडल्यावर हव्या तेवढ्या हाका मारा."

तळं आटू लागलं. फांद्यांवरची मंडळी ऊन खात बसली, अंगानं भरली. काठावर मात्र रोज पाच जणांची वरात निघत राहिली. कोंबांचे पंख झाले.

मग एका पहाटे, त्याच साडेपाचच्या सुमाराला, गवत हललं.

कुणी ओरडलं नाही. सावळी पाण्यात शिरली, मागून चार टपटप. पैलकाठावर पाचांची पावलं पळाली. कोल्हा वळसा घालून धावला, झेपावला, आणि त्याच्या पंजात लव्हाळ्याचा तुरा आला. वरून सावळीच्या मागोमाग एक, दोन, तीन चोची पलीकडे गेल्या. शेवटी धाकट्याची.

"आई!"

आता सावळीनं मान वळवली आणि चौघांनाही एकेक ओ दिली.

दहाव्या फांदीवरून अडई हे बघत होती. तिची पिल्लं तिला बिलगली होती. खाली बुंध्याभोवती पाणी घोटाभरच उरलं होतं, आणि त्यापुढच्या ओल्या चिखलात कोल्ह्याची ताजी पावलं उमटली होती.

बगळा सवयीनं खडे उचलायला वाकला. "पहिला नंबर कुणाचा लावू?"

"ते राहू द्या, काका," सावळी धापा टाकत म्हणाली. "एवढं करा. गवतात सगळ्यांना सांगा, फांद्यांवरही सांगा, अडईला आधी सांगा. उद्या पहाटे साडेपाचला इथंच या म्हणावं. पिल्लांना घेऊन."