सुनेची कपार

गावामागच्या डोंगराला अर्ध्या चढावर एक कपार आहे. तोंड इतकं अरुंद की माणसाला जवळजवळ रांगतच आत शिरावं लागतं. आत देव नाही, शेंदूर नाही, नारळाची एक करवंटीही सापडायची नाही. तरी तिला नाव आहे सुनेची कपार. डोंगरावर तंबू ठोकून राहायला शहरातून कुटुंबं येतात, ती हटकून विचारतात, सून कोणाची? मग वाट दाखवायला सोबत आलेले मन्सारामजी कपारीच्या वाटेवरल्या खिंडीच्या तोंडाशी दगडावर बसतात, तंबाखू मळतात आणि सांगू लागतात. कुणी घाई केली तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून मुकाट्यानं ऐकलेलं बरं.

असं सांगतात की फार मागं, खाली धानाच्या पट्ट्यात डोमाजी नावाचा एक माणूस राहत होता. त्याच्या घरची रीत अशी की सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही. ही रीत तेव्हा पुष्कळ घरी होती, पण डोमाजी ती जरा जास्तच पाळून घ्यायचा. त्याची सून बयना. लग्नाला तीन वर्षं झाली, कडेवर लेक आली, तरी सासऱ्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. बांगडी वाजली की त्यानं ओळखायचं, सूनबाई ताट घेऊन आली.

बयना मूळची डोंगरापलीकडची, जंगलात वाढलेली. माहेरी ती इतकी बडबडी होती की आई म्हणायची, हिला दोन तोंडं असती तरी एक रिकामं राहिलं नसतं. सासरी आल्यावर तिनं सगळं बोलणं गिळलं. पहिल्या वर्षी गिळताना घसा दुखायचा, मग तेही दुखेनासं झालं. तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एका वर्षी धान हाती लागलं नाही, तेव्हा डोमाजीनं ठरवलं की डोंगरावर खोपटं बांधून राहायचं आणि मोहफुलं वेचायची. निघाले चौघं. पुढं खांद्यावर कुऱ्हाड टाकून डोमाजी, मागं त्याचा मुलगा बकाराम, शेवटी पाठीशी लेकीला बांधलेली बयना.

खिंड ओलांडली आणि बयनाला दिसू लागलं. वारुळं उकरलेली, माती अजून ओली. मोहाच्या बुंध्यावर नख्यांचे ओरखडे. वाटेत बोरांच्या बियांनी भरलेली काळी विष्ठा. अस्वल इथंच कुठंतरी होतं, आणि ही माणसं चोरासारखी गुपचूप चालली होती. माहेरी अशा वाटेनं जाताना बाप मुद्दाम मोठमोठ्यानं बोलायला लावायचा. माणूस येतोय हे आधी कळलं तर अस्वल आपणच बाजूला होतं. अचानक समोर आलं तर मात्र थेट तोंडावर येतं.

ती खोकली. बांगड्या वाजवल्या. शेवटी नवऱ्याचा पंचा ओढून त्याच्या कानात सांगितलं.

बकाराम चाचरत म्हणाला, "बाप्पा, ते म्हनते का इथं अस्वल हाये."

"ते म्हनते?" डोमाजी वळलाही नाही. "घर तिच्या म्हनन्यावर चालते का आपल्या?"

विषय संपला. तेवढ्यात आभाळ काळं झालं आणि गारा पडू लागल्या. लिंबाएवढ्या गारा म्हणे. डोमाजीला कपार दिसली, तो आधी शिरला, मागून बकाराम. बयना बाहेरच उभी राहिली. आतून येणारा तो उग्र वास तिनं ओळखला होता. पण पाठीवरची लेक गारांनी कळवळून रडू लागली, नवऱ्यानं हात धरून खेचलं आणि ती आत गेली. इकडं आड, तिकडं विहीर.

गारा थांबल्या तेव्हा कोपऱ्यात काहीतरी कुंईकुंई करू लागलं. अस्वलाची दोन पिलं होती. निघायला म्हणून बकाराम तोंडाशी सरकला तो तसाच मागं आला. बाहेर त्यांची आई आली होती.

तिनं कपारीच्या तोंडात अंग घातलं आणि आत होता नव्हता तेवढा उजेड गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना असा काळोख. तिचा श्वास ऐकू येत होता, ती गुरगुरली की दगड हादरल्यासारखा वाटायचा. मागं वाट नव्हती. पुढं ती होती. पिलं हाका मारत होती आणि त्यांच्या व आईच्या मध्ये ही चार माणसं अडकली होती. बयनानं लेकीला छातीशी घेतलं, दूध तोंडात दिलं. एवढं एक तोंड बंद ठेवणं तिच्या हातात होतं.

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. सांगवत मात्र नव्हतं. बाहेर अस्वल आणि आत सासरा, यांतली कुठली कोंडी मोठी हे तिचं तिलाच कळेना.

तेवढ्यात डोमाजीनं कुऱ्हाड चाचपली. "पिल्लंच मारून टाकतो," तो पुटपुटला. "मंग चूप होतीन."

आणि काळोखातून आवाज आला, "कुऱ्हाड ठेव खाली!"

डोमाजीचा हात तिथंच थांबला. बाईचा आवाज, खणखणीत, आणि त्याला अरेतुरे करणारा. त्याची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यानंतर कुण्या बाईनं त्याला तू म्हटलं नव्हतं. हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. डोंगराची आईच बोलली असं त्याला वाटलं.

"आई, का करू?" त्यानं हात जोडले.

"भिंतीले चिकटून बस. पिल्लाले हात लावू नोको. मधातली वाट मोकरी कर. अन् हालू नोको."

तो भिंतीला चिकटला. बकारामही चिकटला. त्यानं आवाज ओळखला होता, पण बापापुढं त्याची जीभ कधी सुटली होती की आज सुटावी? वाट मोकळी झाली तशी पिलं धडपडत तोंडाकडं गेली. कुणाच्या तरी पायावरून एकाची नखं ओरबाडत गेली, तरी कुणी हाललं नाही. अस्वल मागं सरलं. उजेड आला. पिलांना पाठीवर घेऊन ती उताराला लागलेली त्यांनी पाहिली.

डोमाजी कपारीतच लोटांगण घालून पडला. देऊळ बांधीन म्हणाला, बोकड देईन म्हणाला, चांदीचे डोळे वाहीन म्हणाला. बकाराम मान खाली घालून ऐकत होता. बयनानं पदर पुढं ओढला. गप्प राहिलं की झालं असतं. डोंगराला देवी मिळाली असती आणि घरात पुन्हा बांगडीच वाजत राहिली असती.

खोपटाचा बेत सोडून परत निघाले. डोमाजी पुढं, हात जोडलेले, ओठांतल्या ओठांत जप चाललेला. खिंडीपाशी बयनाला वळणापलीकडून फुरफुर ऐकू आली. अस्वल वारूळ फुंकत होतं. डोमाजी आणखी थोडा पुढं जाता तर अस्वलाच्या तोंडावरच जाऊन आदळला असता.

या वेळी लख्ख ऊन होतं आणि आडोसा कशाचाच नव्हता. बयनानं डोक्यावरचा पदर मागं टाकला.

"मामाजी, थांबा!"

खिंड दुमदुमली. वळणापलीकडं झुडपं मोडल्याचा आवाज झाला, तो दूर दूर गेला आणि थांबला. डोमाजी पाठमोरा तसाच उभा होता. न वळताच त्यानं विचारलं.

"कपारीत तूच होतीस?"

"हो, मामाजी."

"मले तू म्हनलीस."

"हो, मामाजी."

"मंग सकारी कावून नाही बोललीस?"

"बोलली होती," बयना म्हणाली. "तुमच्या पोराच्या तोंडून. तुमाले ऐकू नाही आलं."

डोमाजी वळला. तीन वर्षं जिच्या हातचं जेवला, तिचं तोंड त्यानं पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि म्हणे त्याच्या डोळ्यांना धार लागली. मग तो वाटेच्या बाजूला झाला.

"चाल पुढं," तो म्हणाला. "अन् बोलत चाल."

ती गावापर्यंत बोलत गेली. तीन वर्षांचं साचलेलं होतं. डोमाजीला त्या दिवशी बरंच काही ऐकून घ्यावं लागलं, असं मन्सारामजी सांगतात आणि हसतात. देऊळ काही झालं नाही. देवीच नव्हती तर बांधायचं कुणाचं?

डोंगरात आजही अस्वलं आहेत. मोहाच्या वासावर अस्वल येतं, म्हणून आजही कुणी खोपटात मोहफुलं घेऊन झोपत नाही, पिलू दिसलं तर त्याच्या जवळ जात नाही. आणि खिंडीच्या तोंडाशी आलं की कितीही मोठा, कितीही मानाचा सासरा असो, तो थांबतो आणि विचारतो, "सूनबाई, जाऊ का?" तिनं उत्तर दिल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. नव्या नवऱ्या लाजतात, तोंडातल्या तोंडात हो म्हणतात. तेव्हा म्हातारा सासरा कानाला हात लावून उभा राहतो, ऐकू नाही आलं म्हणतो, आणि पुन्हा विचारतो.