ठकूबाईच्या शेळ्यांनी केलेली पाहणी

आमच्या गायरानातून सर्जेराव ठेकेदारानं वाळू-खडी इतकी उपसली, की त्या खड्ड्यात हत्ती हरवावा. खड्डा बुजवून, झाडं लावून गायरान परत द्यायचं, असा करार होता. पठ्ठ्यानं खड्ड्यात कचरा लोटून वर वीतभर माती पसरली, तीत वाळक्या फांद्या खोचल्या, त्यांना हिरवा रंग मारला आणि भोवती तार ओढली. मग पाहणीसाठी सरकारी साहेबांना आणून गाडीतूनच सगळं दाखवलं.

"पाच हजार झाडं, साहेब!" रंगीत नकाशा नाचवत तो म्हणाला. "फक्त या ठकूबाईच्या शेळ्यांना इथं कायमची बंदी घाला. पानसुद्धा ठेवायच्या नाहीत."

ठकूबाईचं पोट त्या वीस शेळ्यांवर. ती पुढं झाली.

"साहेब, फाटक उघडा. एक पान जरी खाल्लं, तरी आजच सगळ्या शेळ्या विकते."

सर्जेराव नको नको म्हणेपर्यंत साहेबांनी फाटक उघडायला लावलं. भुकेल्या शेळ्या आत धावल्या, फांद्या हुंगून शिंकल्या आणि तशाच परतल्या. एकीनं मात्र सर्जेरावाच्या हातातला नकाशा ओढून अर्धा फस्त केला.

"बघा साहेब," ठकूबाई म्हणाली, "झाडं जिथं लावलीत, तिथंच चरतीय बिचारी."

साहेबांनी उरलेल्या अर्ध्यावर 'नामंजूर' लिहिलं. तेवढीच जागा शिल्लक होती.