शेपटाचा कारभारी

पाहुणे, त्या दगडावर बसू नका. खडकवेलीत त्यावर कोणी बसत नाही. बंधाऱ्यापासून निघालेला पाट आठ फर्लांग चालून या दगडापाशी संपतो, आणि समोरच्या शेताला आम्ही शेपूट म्हणतो. गावाचा कारभारी, म्हणजे पाण्याच्या पाळ्या ठरवणारा, होईल त्याने आपली जमीन वर्षभर दुसऱ्याला द्यायची आणि हे शेपूट कसायचे. पाणी त्याला सगळ्यांच्या मागून. तुमच्याकडे बाई कौतुकाने नवऱ्याला कारभारी म्हणते. आमच्याकडे नाही म्हणत. इथे तो शब्द फुकट मिळत नाही.

याचे कारण असे सांगतात. फार पूर्वी दौलतजी नावाचा कारभारी होता. त्याचा ऊस बंधाऱ्याला लागून, पाटाच्या तोंडाशी. शेपटाला चिंधाबाई नावाची विधवा आपल्या लेकीला घेऊन राही. त्या वर्षी तिची ज्वारी पोटऱ्यात आली होती. एक पाणी मिळाले असते तर कणीस भरले असते आणि मायलेकींचे वर्ष निघाले असते. तिची पाळी आली की दौलतजी पाणी उसात वळवी. असे तीनदा झाले.

चौथ्यांदा ती चावडीवर गेली. सारा गाव बसलेला होता.

"कारभारी, माझी पाळी द्या," ती म्हणाली.

"पानी कुनाला द्यायचं ते मी ठरवीन. कारभारी कोन हाय इथं?"

"तुमीच हाये. मंग कारभार तुमचा आन् उपाशी मरनं माझं, आसं कसं?"

कोणी बोलले नाही. माझ्या पणज्याचा पणजा तिथे होता म्हणे, तोही पागोट्याचा पदर चाचपत बसला. दौलतजीचा मला राग येतोच, पण त्याहून जास्त या गप्प बसलेल्यांचा येतो. तो एकटा होता, हे शंभर होते.

चिंधाबाईने वाळलेली ज्वारी मुठीने उपटली आणि बंधाऱ्यावर नेऊन टाकली. "माझ्या शेवटच्या ढेकळाला न भिजवता हे पानी कुनालाच भिजवनार न्हाई," असे बोलून ती या दगडावर येऊन बसली. तिने अन्न सोडले, पाणी सोडले. पाचव्या दिवशी गेली.

त्यानंतर म्हणे पाट भरून वाहू लागला, पण कोणाच्या शेतात शिरेना. बांध फोडून लोकांनी दारी केली, फावड्याने रुंद केली, तरी पाणी सरळ पुढे जाई आणि चिंधाबाईच्या शेतात जिरून जाई. गावाची पिके करपली. दौलतजीचा ऊस तोंडाशी असून वाळला. मग तो अनवाणी इथवर चालत आला. त्याने आपले उसाचे शेत चिंधाबाईच्या लेकीच्या नावे केले आणि शेपूट स्वतः घेतले. त्याच दिवशी पाणी दाऱ्यांतून आत वळले. त्याला पश्चात्ताप झाला असे कोणी सांगतात. मला पटत नाही. ऊस वाळला नसता तर तो आला असता का?

मागे काही लोक दगडाला शेंदूर लावायला आले होते. मी लावू दिला नाही. देवी केली की वर्षातून एकदा नारळ फोडून मोकळे होता येते.

आजही गाव बरा चालला आहे की नाही हे आम्ही चावडीत विचारत नाही, शेपटाची माती चाचपून पाहतो. ती ओली असेल तर वर सगळ्यांना पाणी पोचलेले असते. यंदा कारभारी माझा मुलगा सुकदेव आहे. ज्वारी पोटऱ्यात आली आहे, ती समोर दिसते तीच. सकाळी शेवटच्या वाफ्यात हात घातला, कोरडी ठणठणीत. वर चोरून दारे कोणी फोडले ते गावाला ठाऊक आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने. सुकदेव काकापुढे मान वर करत नाही, आणि बाकीचे पुन्हा पागोटी चाचपत बसले आहेत.

आज चार वाजता चावडी भरणार आहे. थांबायचे असेल तर थांबा. आमच्या घरातला एक माणूस तिथे एकदा गप्प बसला होता, तेवढे पुरे झाले.