दिवटे गल्लीचा शेवटचा नंबर

कोल्हापुरातल्या दिवटे गल्लीच्या तालमीचा फुटबॉल संघ आज्या-पणज्यांच्या काळापासून हरत आला होता. एकदा सामना बरोबरीत सुटला, तर गल्लीनं गुलाल उधळून मिरवणूक काढली होती. तरी हंगाम आला की पोरं पहाटे मैदानात हजर, आणि सगळ्यांच्या आधी त्यांचा कप्तान तुकोजी, गुडघ्याला पट्टी बांधून.

यंदा तालमी-तालमींच्या फुटबॉल स्पर्धेचे अध्यक्ष भालजीराव निगवेकर यांनी सगळ्या तालमींच्या बैठकीत मिशीवर ताव देत फर्मान काढलं, "शेवटचा नंबर म्हणजे स्पर्धेला कलंक. दिवटे गल्लीला काढून टाका."

सगळे खो खो हसले. तुकोजी शांतपणे उठला.

"काढा, साहेब. एवढंच सांगा, आम्ही गेल्यावर शेवटचा नंबर कुणाचा?"

भालजीरावांचा मिशीवरचा हात खाली आला. दिवटे गल्लीच्या बरोबर वरचा नंबर त्यांच्या स्वतःच्याच तालमीचा होता. आता सगळी बैठक त्यांच्याकडं बघत होती.

"आणि तुमच्या तालमीलाबी पुढच्या साली काढणार न्हवं?" तुकोजीनं विचारलं.

भालजीराव खाकरले. "दिवटे गल्लीची जुनी तालीम आहे. असू दे, खेळू दे त्यांना."

"खेळतो की," तुकोजी म्हणाला. "पण साहेब, ती शेवटची जागा आम्ही जन्मभर अडवून बसणार न्हाई. तुमच्या पोरांना पहाटे उठायची सवय लावा."