जीपचं लिंबू

ठेकेदार धैर्यशीलरावांच्या जीपनं वाईच्या बाजारात शेवंताची उभी रिक्षा चेपली. तिचं घर त्याच रिक्षावर चालायचं. ती म्हणाली, "भरपाई द्या, नाहीतर गाडीचा विमा दाखवा."

रावांनी मिशीवर हात फिरवला. "विमा भित्र्यांना लागतो, बाई! मी दर शनिवारी नवी लिंबू-मिरची बांधतो. कसली भीतीच नाही."

"मग झालं तर! रिक्षा दुरुस्त होईपर्यंत तुमची जीप मी चालवते," म्हणत शेवंतानं किल्लीसाठी हात पुढे केला.

राव ओरडले, "आणि तू ठोकलीस तर भरून कोण देणार?"

"तुमचं लिंबू देईल की!"

सगळा बाजार हसला. रावांनी मुकाट्यानं पाकीट काढलं. पुढच्या शनिवारी जीपला लिंबूही होतं आणि विमाही.