तिन्हीसांजेची पहिली हाक

निंबसावळीत तिन्हीसांजेला दारावरच्या पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. ती हाक हाकामारीची असते आणि तिला ओ देणारा सकाळ बघत नाही, अशी गावाची पक्की समजूत. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेलच.

नगराध्यक्ष विश्वासराव घाडगे याच मातीतले. पण गिरजाकाकूंच्या जागेवर त्यांचा डोळा होता. एका तिन्हीसांजेला दोन पंच घेऊन ते काकूंच्या दारात गेले, एकदाच हाक मारली आणि ओ आली नाही म्हणून पंचनामा ठोकला, "घर ओसाड. पालिकेने ताब्यात घ्यावे."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते कचेरीत एकटेच होते. खोलीत अंधार दाटत होता. बंद दारापलीकडून खोल, गार आवाज आला, "विश्वासराऽऽव!"

तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून ते दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आलीच नाही.

दार करकरलं. कंदील घेऊन गिरजाकाकू आत आल्या. मागे तेच दोन पंच.

"हाक मारली, ओ आली नाही," काकू म्हणाल्या. "लिहा रे, खुर्ची ओसाड. पालिकेने ताब्यात घ्यावी."

विश्वासरावांनी आपला पंचनामा मुकाट्याने फाडला. बोळा मात्र तोंडातच होता.